एक नीटनेटकं पत्र आणि सात नंबरची जर्सी

चि. ईशान आणि चि. रेवा,

तुमची आई हे तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवेल. तिला सांगा, घाईने वाचू नकोस, मध्ये मध्ये थांब.

परवा ईशानने घरच्या ग्रुपवर एक चित्र टाकलं. त्याच्या आवडत्या, बर्फावर हॉकी खेळणाऱ्या खेळाडूचा फोटो, मागे ज्वाळा, आणि तो आता दुसऱ्या संघाला दिला जाणार अशी मोठ्या अक्षरातली ओळ. खाली ईशानने विचारलं होतं, "आजी, हे खरं असेल का?" तुमची आई म्हणाली की या चित्रावरून त्याच्या वर्गातली दोन मुलं एकमेकांशी बोलेनाशी झाली आहेत. मी तेव्हा "माहीत नाही" एवढंच उत्तर दिलं. ते खरं होतं, पण अपुरं होतं. उरलेलं उत्तर इथे लिहिते, कारण ते लिहायला हेच दिवस बरे आहेत. खिडकीबाहेर तो मोसम पुन्हा आला आहे.

थेरगावात जानेवारी म्हणजे सकाळी पवनेवरून येणारं धुकं आणि त्यात मिसळलेला जलपर्णीचा ओलसर, किंचित कुजका वास. डांगे चौकात कंपन्यांच्या बसेस एकामागे एक उभ्या असतात आणि पहिल्या शिफ्टची माणसं मफलरमध्ये तोंड लपवून चढतात. हातगाडीवर हरभऱ्याच्या हिरव्या जुड्या येतात, बोरं येतात. आणि दुपारी चारच्या सुमाराला आमच्या इमारतीमागच्या मैदानावर शिट्टी वाजते. कबड्डीचा मोसम.

आता तिथे निळी-पिवळी मॅट आहे. पण तीन वर्षांपूर्वीपर्यंत मातीचं मैदान होतं. मुली माती चाळायच्या, खडे वेचायच्या, मग एक जण नळीने पाणी मारायची आणि पाचही मजले चढून तो वास माझ्या बाल्कनीत यायचा. त्यातच दुखऱ्या गुडघ्यांना लावायच्या मलमाचा वास. मी चहाचा कप घेऊन उभी राहायचे. चढाई करणाऱ्या मुलीचा तो एका दमातला घोष वरून ऐकला की मधमाशीसारखा वाटतो, जवळ जाऊन ऐकला की छातीत धडधडतं.

त्या मुलींमध्ये एक स्वाती होती. लातूरकडचे तिचे वडील चाकणला एका कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसवर काम करतात. काळेवाडीत दोन खोल्यांत राहायचे. स्वाती अठरा वर्षांची, उंचीने बेताची, पण चढाईला गेली की समोरच्या सात जणींना ती डावीकडे वळणार की उजवीकडे हे शेवटपर्यंत कळायचं नाही. तिचा नंबर सात. मी तिला इंग्रजी शिकवायचे, आठवड्यातून दोनदा, कारण खेळाडूंसाठीच्या नोकरीच्या मुलाखतीत इंग्रजी विचारतात असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. ती वाक्य पाठ करताना टेबलाखाली पाय हलवायची. तिचे पाय कधी स्थिर नसायचे.

मंडळ चालवायचे विठ्ठलअण्णा. इथल्या जुन्या गावातले, शेती गेली तरी शेतकऱ्यासारखे आभाळाकडे बघून बोलणारे. मंडळाचा सगळा संसार त्यांच्या घरातल्या एका पत्र्याच्या ट्रंकेत. त्या ट्रंकेचा एक नियम होता. मुलीला जर्सी मिळाली की ती वर्षभर तिच्याच घरी राहते, पण मंडळ सोडून दुसरीकडे जायचं ठरलं तर ती जर्सी स्वच्छ धुऊन, घडी घालून, वर नारळ ठेवून स्वतः अण्णांच्या हातात द्यायची. मग अण्णा नारळ फोडतात, अर्धा तिला देतात, अर्धा मैदानावरच्या मुलींना. भांडण नाही, रुसवा नाही. निरोप तोंडी पाठवलेला चालत नाही आणि दुसऱ्याच्या हाती पाठवलेलाही चालत नाही.

मला त्या नियमाचं तेव्हा कौतुक वाटायचं, पण आदर वाटायचा असं म्हणता येणार नाही. माझा आदर कागदाला होता.

तुम्हाला ठाऊक आहे, तुमच्या आजीने तीस वर्षं पिंपरीच्या एका कारखान्यात माल तपासणीच्या विभागात काढली. बाहेरून सुटे भाग आले की आधी आमच्याकडे. प्रत्येक पेटीला टॅग. पास झाला की हिरवा, नापास झाला की लाल, आणि ज्याच्याविषयी अजून काही सांगता येत नाही त्याला पिवळा. पिवळा टॅग लागलेली पेटी एका बाजूला, पांढऱ्या रेषेच्या आत ठेवायची. तिला कुणी हात लावायचा नाही. पुढच्या विभागाचे लोक येऊन डोकं खायचे, "मॅडम, लाइन थांबलीये, सोडा की." मी सोडत नसे. नव्या मुलांना वाटायचं की हिरवा आणि लाल हेच खरे निर्णय, पिवळा म्हणजे निर्णय टाळणं. मी त्यांना सांगायचे, सगळ्यात जास्त धीर पिवळ्यालाच लागतो.

कारखान्यातही अफवा होत्याच. कँटीनमध्ये भात वाढून घेईपर्यंत बातमी पसरायची, बोनस कापणार, शिफ्ट बदलणार. पण त्या अफवेला चेहरा असायचा. "कुणी सांगितलं?" म्हटलं की बोट दाखवलं जायचं, त्या माणसाकडे जाऊन उभं राहिलं की तो डोकं खाजवत म्हणायचा, मला त्याने सांगितलं. चार टेबलं फिरलं की उगम सापडायचा. बहुतेक वेळा तिथे एखादा बिचारा माणूस असायचा, जो स्वतःच घाबरलेला होता. हल्लीच्या अफवेला टेबल नाही. ती खिशात वाजते आणि आपण एकटे असताना वाजते.

त्या वर्षी संक्रांतीच्या आधी ती वाजली. गावातल्या खेळांच्या बातम्या देणारं एक पान मुलींच्या फोनवर असायचं. त्यावर स्वातीचा चढाई करतानाचा फोटो आला, मागे अशाच ज्वाळा आणि खाली ओळ, "सात नंबर यंदा चाकणकडून?" शेवटी एक प्रश्नचिन्ह. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पानावर तोच फोटो, "विश्वसनीय सूत्रांनुसार". तिसऱ्या दिवशी प्रश्नचिन्ह गळून पडलं होतं आणि त्याजागी मत मागितलं होतं. हुशार की गद्दार, तुम्हीच सांगा. चारशे लोकांनी सांगितलं. त्यातल्या किती जणांनी तिला खेळताना पाहिलं असेल, देव जाणे.

मैदानावर मुलींचा आवाज बदलला. वरून ऐकताना शब्द कळत नाहीत, पण चाल कळते. कुणीतरी म्हणायचं, "आल्या बघा चाकणकर," आणि हसू यायचं, पण त्या हसण्यात एक जण सामील नसायची.

मी अण्णांच्या पुतण्याला, महेशला, जिन्यात गाठलं. मंडळाचं फोनवरचं सगळं काम तोच बघायचा.

"महेश, हे पहिलं कुणी टाकलं रे?"

तो आधी हसला, मग मोबाइल खिशात घातला. "मॅडम, खरं सांगू का? मीच दिलं ते पान चालवणाऱ्या पोराला. मोसम सुरू व्हायचाय, जरा हवा नको का करायला? दोनशे माणसं जास्त येतील मॅचला."

"पण ती जाणार आहे का?"

"मला काय माहीत. म्हणून तर प्रश्नचिन्ह टाकलं ना, राव... सॉरी, मॅडम."

प्रश्नचिन्ह लावलं की खोट्याचं पाप लागत नाही, असा त्याचा प्रामाणिक समज होता. मुलगा वाईट नव्हता. त्याला फक्त गर्दी हवी होती, आणि गर्दी हवी असलेल्या माणसाने पेटवलेल्या काडीवर मग दुसरे कुणी काय काय शेकतात हे त्याच्या ध्यानात आलं नाही. मी त्याला चार शब्द सुनावले आणि वर आले. आपण मूळ शोधलं याचं मला समाधान वाटत होतं. प्रकरण संपलं असं मी धरून चालले.

ते संपलं नव्हतं. रविवारी दुपारी विठ्ठलअण्णा आमच्याकडे आले. चप्पल बाहेर काढली, सोफ्याच्या कडेला बसले आणि फोन माझ्यापुढे धरला.

"मॅडम, हे बघा बरं इंग्रजीत काय हाय. पोरींच्या ग्रुपात फिरतंय. उद्या चारला जिल्ह्याच्या स्पर्धेची यादी द्यायची. एकदा गेली की त्यात बदल न्हाई. स्वातीचं नाव घालू का नको, तेवढं सांगा."

फोनवर एका पत्राचा फोटो होता. चाकणच्या एका कंपनीचं, ज्यांचा स्वतःचा महिला संघ आहे. वर बोधचिन्ह, डावीकडे संदर्भ क्रमांक, उजवीकडे तारीख, मग विषय, मग चार परिच्छेद. आपली आमच्या संघात निवड झाली असून आपण या मोसमापासून आमच्याकडूनच खेळण्यास संमती दिल्याबद्दल आभार, अमुक तारखेला सकाळी नऊ वाजता कार्यालयात हजर राहावे. खाली सही आणि शिक्का. ओळी एका रेषेत. समास दोन्हीकडे सारखा.

बाळांनो, मला ते पत्र आवडलं. खरं कारण हेच आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. गेले आठ दिवस त्या भडक ज्वाळा आणि वेडीवाकडी अक्षरं पाहून माझे डोळे थकले होते, आणि इथे एकदाचं कुणीतरी जसं लिहायला हवं तसं लिहिलं होतं. आयुष्यभर कारखान्यात माल पुरवणाऱ्यांना मी अशीच पत्रं टाइप केली, फायलीत लावली. मी चष्मा पुसला, पुन्हा एकदा वाचलं आणि म्हणाले, "अण्णा, पत्र खरं आहे."

तो फोटो माझ्या फोनवर पाठवून अण्णांनी आपला फोन खिशात घातला. "पोरगी बोलली असती तर बरं झालं असतं," एवढं म्हणून उठले. चहा घेतला नाही.

सोमवारी सकाळी शिकवणीची वेळ नसताना स्वाती आली. दारात उभी राहिली, आत येईना. अंगात कंपनीतून वडिलांना मिळालेला मोठा स्वेटर, बाह्या हातावर आलेल्या.

"आजी, अण्णांनी मला यादीतून काढलं."

"बस आधी."

"तुम्ही पत्र वाचलं म्हणाले. मॅडमनी वाचलं, मग काय राहिलं, असं सगळ्या म्हणतायत. त्या ग्रुपात मला घेतलंच नाही, आणि मला कुणी ते पत्र दाखवलंही नाही. मला पण वाचू द्या ना. इंग्रजी तुम्हीच शिकवलंय."

ज्युनिअर गटातलं तिचं ते शेवटचं वर्ष होतं. जिल्ह्यात खेळली नाही तर राज्याच्या निवडीला नाव जाणार नाही, आणि पुढल्या वर्षी वयात बसणार नाही. हे मला माहीत होतं. पत्र वाचताना मात्र यातलं काही माझ्या मनात आलं नव्हतं. माझ्या मनात समास होते. जिच्याविषयी ते पत्र होतं, तिला विचारावं, हेही आलं नव्हतं.

मी फोन तिच्यापुढे ठेवला. ती शब्दाखाली बोट फिरवत वाचू लागली, अगदी शिकवणीत वाचायची तशी. तारखेवर बोट थांबलं. मान वर करून तिने माझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, ओठांनी आकडे मोजले.

"आजी, हा तर गुरुवार आहे."

"मग?"

"गुरुवारी कोण बोलवेल? बाबांच्या कंपनीला लागूनच आहे ती. त्या सगळ्या लाइनीला गुरुवारी सुट्टी असते. गेटवर कुत्रंसुद्धा नसतं."

मी कॅलेंडरकडे बघत राहिले. ईशान, रेवा, तुमच्या आईला विचारा, तिच्या लहानपणी आमच्या घरी रविवार कधी यायचा. तिची शाळा रविवारी बंद, माझी कंपनी गुरुवारी बंद. वीज सगळीकडे पुरावी म्हणून इकडच्या कारखान्यांना आठवड्याची सुट्टी अशी वाटून दिलेली होती, आणि आमच्या पट्ट्याच्या वाट्याला गुरुवार आला. तीस वर्षं मी गुरुवारी केस धुतले, गुरुवारी पापड वाळत घातले, गुरुवारी दुपारी झोपले. तुमची आई शाळेतून आली की मी घरी असायचे असा आठवड्यातला तो एकच दिवस, म्हणून ती त्या दिवशी धावत यायची. त्या गुरुवारवर माझं अर्धं आयुष्य उभं आहे. निवृत्त झाले, सगळे वार सारखे झाले, आणि मी तो विसरले. चार परिच्छेदांतला समास मी तपासला, वार तपासला नाही.

पण एका शंकेवर लाल टॅग लावत नाहीत. मी तिला बाबांना फोन करायला सांगितलं. ते पहिल्या शिफ्टला होते. जेवणाच्या सुट्टीत ते शेजारच्या गेटवर चालत गेले, आतल्या साहेबांना निरोप धाडला आणि अर्ध्या तासाने त्यांचा फोन आला. "ताई, ते म्हणतेत, आमी असलं पत्र कुणालाच दिलेलं न्हाई. शिक्का पण आमचा न्हाई म्हणतेत."

आम्ही दोघी मैदानाकडे निघालो. वाटेत लिफ्टमध्ये स्वाती आरशाकडे बघत म्हणाली, "आजी, एक सांगायचंय. मी चाचणीला गेले होते तिकडे. मागच्या महिन्यात. कुणाला सांगितलं नाही."

म्हणजे अफवेत एक दाणा खरा होता. असा दाणा असतोच. सगळीच खोटी असती तर ती इतके दिवस टिकली नसती.

अण्णा मैदानाच्या कडेला खुर्चीवर बसले होते, मांडीवर यादीचा कागद. मुली दोर ताणून रेषा मारत होत्या, आम्हाला पाहून त्यांचे हात थांबले. मला जे म्हणायचं होतं ते मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं.

"अण्णा, पत्र खोटं आहे. मी खरं म्हणाले ती माझी चूक. त्या कंपनीत विचारून घेतलंय."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, मग स्वातीकडे. "आन तिकडं कधी गेली व्हतीस का न्हाई?"

"गेले होते. चाचणीला."

"मला सांगायचं व्हतं."

"सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतं?"

एक मुलगी दोराचं टोक धरून तशीच ओणवी राहिली होती. अण्णा मांडीवरच्या कागदाकडे बघत म्हणाले, "न्हाई. न्हाई दिलं असतं." आणि मग, जणू एवढा वेळ हाच एक प्रश्न विचारायचा राहिला होता, "जर्सी कुठं हाय?"

"घरी. दोरीवर वाळतीये."

"नारळ आणलाय?"

"नाही."

"मग कशाचं चाकण आन कशाचं काय." त्यांनी खिशातून पेन काढलं आणि यादीत शेवटी तिचं नाव लिहिलं. "म्या येडा. ट्रंक माझी, नियम माझा, आन फोन बघून नाव खोडलं."

ते पत्र कुणी बनवलं हे शेवटपर्यंत कळलं नाही. महेशने शपथेवर नाही म्हटलं आणि माझा त्याच्यावर विश्वास बसला. कदाचित स्वाती नसल्यावर ज्यांना जिंकायचं होतं त्यांच्यापैकी कुणी असेल. यादीच्या आदल्याच दिवशी ते फिरलं, तेही मुलींच्याच ग्रुपात. नंतर शांतपणे विचार करताना मला हेच महत्त्वाचं वाटलं. बातमी काहीतरी सांगते आणि बाजूला होते. हे पत्र सांगून थांबलं नव्हतं. त्याला अण्णांच्या हातून एक नाव खोडून हवं होतं, आणि सोमवारी चारच्या आत हवं होतं. महेशच्या प्रश्नचिन्हाला फक्त गर्दी हवी होती, त्या "हुशार की गद्दार"ला आपला राग हवा होता. आपल्याकडून कुणाला काय करून हवं आहे, आणि त्याला इतकी घाई का आहे, हे जिथे लागलीच दिसतं तिथे मी हल्ली हात मागे घेते. दिसत नसलं तरी घेते. नीटनेटकं असलं तर जरा जास्तच.

त्या वर्षी मुली जिल्ह्यात उपांत्य फेरीपर्यंत गेल्या आणि दोन गुणांनी हरल्या. स्वातीला राज्याच्या निवडीसाठी बोलावलं, संघात घेतलं नाही. परत आली तेव्हा शिकवणीला बसून तिने भूतकाळाची वीस वाक्यं न चुकता लिहिली.

आणि पुढच्या दिवाळीनंतर ती खरंच चाकणला गेली. त्याच कंपनीत नोकरी, त्याच संघात. त्याची कुठल्याही पानावर एक ओळ आली नाही, कुणी मत मागितलं नाही. एका सकाळी ती काळेवाडीहून चालत आली, हातात सात नंबरची जर्सी, इस्त्री केलेली, वर नारळ. अण्णांनी मला बोलावणं धाडलं होतं. ट्रंक उघडी होती, आत डांबराच्या गोळ्यांचा वास. त्यांनी नारळ फोडला, अर्धा तिला दिला, आणि उरलेल्यातला एक तुकडा माझ्या हातावर ठेवत म्हणाले, "मॅडम, हे पत्र वाचा. ह्याला इंग्रजी लागत न्हाई." स्वाती हसली, मग डोळे पुसले, मग पुन्हा हसली. खोबरं गोड होतं.

ईशान, तुझ्या खेळाडूचं काय होईल ते मला आजही माहीत नाही. तुझ्या चित्रावर मी मनातल्या मनात पिवळा टॅग लावला आहे. तूही लाव, आणि पांढऱ्या रेषेच्या आत ठेवून दे. तोपर्यंत वर्गातल्या त्या दोघांना एका बाकावर बसवता आलं तर बघ. तो गेलाच, तर ते तुला कळेल. न गेला, तरी कळेल.

आता चार वाजले आहेत. खाली शिट्टी झाली. मॅटला मातीचा वास येत नाही आणि यंदाच्या मुली मला नावाने ठाऊक नाहीत. स्वाती दर दुसऱ्या गुरुवारी, तिच्या सुट्टीच्या दिवशी, येऊन त्यांना चढाई शिकवते. सात नंबरची जर्सी अण्णांच्या ट्रंकेत आहे, आणि ट्रंकेचा नियम तोच आहे.